लाभाचा खण

माझ्या धाकट्या भावाला परभणीत नोकरी नव्हती, म्हणून मी त्याच्यासाठी नोकरीच उचलून आणली होती. लोखंडाची, दुमजली घराएवढी उंच, ट्रकमध्ये तुकड्यातुकड्यांनी भरून.

औरंगाबादजवळ औषधांचा एक कारखाना बंद पडला आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. मी तेव्हा जुन्या मोटारी, पंप, केबल असला माल घ्यायचो आणि विकायचो. त्याच धंद्यातून परभणीत स्टेशनच्या पलीकडे एक गोदाम उभं केलं होतं. बियाण्याचे व्यापारी उन्हाळ्यात माल आणून माझ्याकडे ठेवत आणि पेरणीच्या तोंडावर उचलत. लिलावात टेबलं आणि पंख्यांच्या ढिगामागं ही मशीन उभी होती. रुळावर पुढंमागं पळणारा एक खांब, त्या खांबावर वरखाली सरकणारा पाळणा, आणि पाळण्यातून डावीउजवीकडं निघणारे दोन सपाट लोखंडी हात. दोन्ही बाजूंना खणांच्या भिंती. आकडा दाबला की मशीन त्या खणापुढं जाऊन उभी राहायची, हात आत सारायची आणि माल रचलेला अख्खा लाकडी पाट उचलून दारापाशी आणून ठेवायची. बाकीचे भंगारवाले तिच्याकडं किलोच्या नजरेनं बघत होते. मी त्यांच्यापेक्षाही वाईट तोंड करून बघितलं. लिलाववाल्याला म्हणालो की ही घाण इथून काढायची मजुरीच मला परवडणार नाही. अशा रीतीनं घासाघीस करून, भंगारापेक्षा खालच्या भावात, मी ती घेतली. मनातली गरज तोंडावर दिसू द्यायची नाही, एवढं एकच शिक्षण माझं झालेलं आहे. त्यावरच सगळं उभं केलं.

भाऊ तेव्हा पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, शेवटच्या वर्षाला. आई तो रांगता असताना गेली, आबा तो सातवीत असताना. माझं लग्नाचं राहून गेलं ते त्याच्या शिक्षणापायी, असं मी कधी त्याला बोलून दाखवलं नाही; पण त्याला डोळे होते. मला एवढंच हवं होतं की त्यानं शिकून परत यावं आणि आम्ही दोघांनी एका छपराखाली धंदा करावा. संध्याकाळी घरी कुणीतरी असावं. जास्त काही नव्हतं त्यात.

तो आला. मशीन बघून आधी हसला, मग त्यानं तिच्या पोटातला पत्र्याचा डबा उघडला आणि हसायचा थांबला. डब्यात पुस्तकं उभी लावावीत तशी सर्किटची हिरवी कार्डं लावलेली होती. त्यानं एकेक काढून ब्रशनं धूळ झाडली, सोन्याचं पाणी दिलेल्या कडा खोडरबरानं पुसल्या. मी बाजूला बसून विचारत राहिलो आणि तो सांगत राहिला. मला समजावं म्हणून त्यानं आबांचं खळं काढलं.

आमचे आबा राणीसावरगावात दुसऱ्यांच्या खळ्यावर धान्य मोजायला जायचे. आमची जमीन नावापुरती होती. खळ्यावर तीन माणसं लागतात. एक रास बघत असतो, एक मोजतो, एक पोतं धरतो आणि तोंड शिवतो. भाऊ म्हणाला, हे पहिलं कार्ड म्हणजे बघणारा. मशीनवर जागोजागी बटनं आणि डोळे आहेत, ते जे सांगतील ते हे ऐकून घेतं. हे मधलं कार्ड मोजणारा. कुठं आहोत, कुठं जायचंय, किती राहिलं, हे सगळं याच्याकडं. आणि हे शेवटचं कार्ड पोतं धरणारा. मोजणाऱ्यानं सांगितलं की हे रिले, म्हणजे छोटा स्विच, ओढतं, रिले मोठा स्विच ओढतो आणि मोटरला वीज जाते. मधल्या कार्डाला बॅटरीच्या सेलाएवढीच वीज लागते. पण त्याच्या सांगण्यावर मणामणाचं लोखंड पळतं.

मोजणं कसं, तेही त्यानं दाखवलं. रुळाच्या कडेला प्रत्येक खणासमोर बोटभर रुंदीची एक लोखंडी पट्टी स्क्रूनं बसवलेली होती. मशीन पळताना तिचा डोळा पट्टीवरून गेला की कार्ड एक आकडा पुढं सरकायचं. बस्स. मशीनला खण दिसत नाहीत, माल दिसत नाही. तिला फक्त पट्ट्या मोजता येतात. आणि वीज गेली की मोजलेलं सगळं विसरते. परत वीज आली की ती सावकाश मागं मागं जाते, रुळाच्या टोकाला असलेलं बटन तिच्या अंगानं दाबलं जातं, तेव्हा तिला कळतं की आपण सुरुवातीला आलो. मग तिथून पुन्हा मोजायला लागते. आमच्याकडं दिवसातून कितीदा वीज जायची ते कुणी मोजत नव्हतं. त्यामुळं मशीन सारखी सुरुवातीला जायची.

आमच्या मोजण्यात एक रीत आहे. पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, मग तीन. आबा लाभाचं माप पोत्यात टाकायचे आणि रिकामं माप हातात धरून थोडं थांबायचे. पोखर्णीच्या बाजूला बघायचे. पोखर्णीचा नृसिंह आमचं कुलदैवत. मग दोन म्हणायचे आणि त्यानंतर त्यांचा हात थांबायचा नाही. मीही गोदामात तीच रीत ठेवली होती. पहिला खण लाभाचा. त्यात व्यापाऱ्याचा माल लावायचा नाही. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते देवाला चालत नाही. म्हणून साध्या ज्वारीचं एक पोतं त्या खणात हातानं ठेवायचं आणि नृसिंह जयंतीला पोखर्णीला पोचवायचं. आमच्या गोदामात एक नंबरचा खण नव्हताच. लाभ होता, आणि त्याच्या शेजारी दोन. हमाल, मुकादम, सगळे तसंच म्हणायचे.

भावानं मशीन चालू केली त्या दिवशी मुकादमानं तिला नारळ फोडला आणि म्हणाला, “मालक, ही बिडी बी मागत न्हाई आन् शिव्या बी देत न्हाई. तुमचं कसं जमंल हिच्यासंगं?” हमालांना मी काढलं नाही, मालाची चढउतार त्यांच्याकडंच होती. पण आतलं काम मशीनकडं गेलं.

एक गोष्ट मला खटकायची. वीज आली की मशीन मागं जायची, टोकाचं बटन दाबायची, पुढं निघायची आणि लाभाच्या खणासमोर येऊन उभी राहायची. काही करायची नाही. हात बाहेर काढायची नाही, पाळणा हलवायची नाही. रिले गप्प. मग एकदम टक् करून पुढं निघायची. मी भावाला म्हणालो, हा बिघाड काढ, फुकट वेळ जातो. तो म्हणाला, बघतो. त्यानं काही काढला नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नुसता हसला. मला राग आला, पण ते दिवस रागाचे नव्हते. पावसाळा संपेपर्यंत तो माझ्याजवळ होता. सकाळी तो कार्डांचा डबा उघडून बसायचा, मी दारात व्यापाऱ्यांशी भांडत असायचो. संध्याकाळी दोघं मिळून भाकरी टाकायचो. त्याची भाकरी कधीच गोल झाली नाही.

दसऱ्याच्या पुढंमागं एकदा जेवताना तो म्हणाला की पुण्यात एक कंपनी अशाच मशीनची कार्डं बनवायलीय, आणि तिनं त्याला बोलावलंय. मी हात धुतला. मी सौदा करणारा माणूस, मी सौदा केला. गोदामात अर्धा वाटा देतो म्हणालो.  नावावर करून देतो म्हणालो. त्यानं ताट बाजूला सारलं. मग मी आवाज चढवला, त्याच्या शिक्षणाचं काढलं, आबांचं काढलं, जे कधी बोललो नव्हतो ते सगळं काढलं. शेजारचे दाराशी आले. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला:

“दादा, हा सौदा न्हाई ना.”

मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो नाही. गाडी गोदामाच्या मागून जाते, तिची शिट्टी ऐकू आली. मी त्या वेळी एका व्यापाऱ्याशी बोलत होतो, तो काय म्हणाला ते मला आजही आठवत नाही.

त्यानंतरचा हिवाळा कसा गेला हे सांगण्यासारखं नाही. गोदामात पूर्वी हमालांची बडबड असायची. आता त्यांचं काम दारातच संपायचं आणि ते तिथूनच परत जायचे. आत मी आणि ती मशीन. रुळाचा आवाज, मोटरचा गुणगुणता आवाज, रिलेचं टकटक. वीज गेली की ते सगळं एकदम बंद व्हायचं आणि पत्र्यावर चिमण्यांच्या पायांचा आवाज ऐकू यायचा. वीज आली की मशीन मागं जायची, लाभापुढं उभी राहायची, मग कामाला लागायची. भावाचं पत्र यायचं. मी उत्तर देत नव्हतो. जो गेला त्यानं यावं. मी का लिहावं?

वैशाखात, सगळे खण भरलेले असताना, एका दुपारी वीज आली ती नुसती आली नाही, दुप्पट आली. बल्ब फुटले. कार्डांच्या डब्यातून जळका वास आला. मधलं कार्ड, मोजणारं, गेलं होतं.

मुकादम म्हणाला, पुण्याला फोन लावा. मी त्याला गप्प बसवलं. पेरणी तोंडावर होती, माल आत अडकला होता, व्यापारी रोज दारात येऊन बसत होते, तरी मी ठरवलं की त्याला फोन करायचा नाही. फोन केला की गरज माझी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी औरंगाबादहून एक इंजिनिअर आणला. त्याच्याशीही भाव केला, आणि तो आला त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला, एस्ट्या जागच्या जागी थांबल्या, आणि साहेब परभणीत अडकला. त्याला घरी जायची घाई होती. त्यानं नवं कार्ड बसवलं, त्यात स्वतःचं मोजणं भरलं, मशीन चालवून बघितली. पहिल्या खणासमोर उभा राहून मला विचारलं, यात काय ठेवता? मी म्हणालो, तो वापरात नाही. तो म्हणाला, मग मशीननं तो मोजायचा कशाला? त्यानं स्क्रू काढून त्या खणासमोरची पट्टी माझ्या हातात दिली. मी लोखंड टाकत नाही. किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवून ठेवली. जळलेलं कार्डही कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. त्याची मशीन लाभापाशी थांबत नव्हती. बटन दाबलं की सुटली. मला बरं वाटलं, म्हणालो, एक बिघाड तरी निघाला.

मृगात पहिला टेम्पो सोनपेठचा भरला. व्यापाऱ्यानं हळवी ज्वारी मागितली होती, लवकर निघणारी. मुकादमानं खण सांगितला, पोऱ्यानं आकडा दाबला, पाट आला, पोती चढली. पोत्यांना चिठ्ठ्या शिवलेल्या असतात, पण पेरणीच्या घाईत चिठ्ठी कोण वाचतो? सोनपेठच्या बाजारात पोतं सुटलं तेव्हा गिऱ्हाइकानं वाचली. आत गरवी ज्वारी होती, उशिरा निघणारी. टेम्पो तसाच परत आला आणि व्यापाऱ्यानं माझ्या दारात, चार लोकांसमोर, मला चोर म्हटलं.

मी हमालांवर ओरडलो. मग दुसरा माल काढला, तोही चुकला. तिसरा चुकला. रिकाम्या खणात ठेवायला पाठवलेला पाट भरलेल्या खणावर जाऊन आदळला, पोतं फाटलं, लाल दिवा लागला आणि मशीन मधेच उभी राहिली. मी इंजिनिअरला बोलावणं धाडलं तर तो म्हणाला, माझं मोजणं बरोबर आहे, तुमचेच लोक चुकीचा आकडा दाबतात. मी मुकादमाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला:

“मालक, नवी सून हाय ती. तिला घरची रीत कुणी सांगितली न्हाई. ज्याला ठावं हाय त्याला इचारा.”

हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. कुणीतरी हसलं. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

स्टेशनजवळ एसटीडीचं नवं दुकान निघालं होतं, काचेची खोली आणि वर लाल आकड्यांचं मीटर. कंपनीचा नंबर त्याच्या पत्राच्या खाली होता. ते पत्र माझ्या खिशातच होतं. कसं होतं ते विचारू नका. पलीकडं बाईनं थांबायला सांगितलं. मी मीटरच्या पळत्या आकड्यांकडं बघत उभा होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो, गरज दिसणार नाही असं.

“दादा?” मी बोलायच्या आत तोच म्हणाला.

मी म्हणालो, मशीन चुकायलीय. घरचं काही विचारलं नाही, त्याचं काही विचारलं नाही. वीज जास्त आली, कार्ड गेलं, दुसरं बसवलं, आता चुकायलीय. त्यानं विचारलं, कधी एकानं, कधी चारानं चुकते, की दर वेळी सारखीच? मी आठवून सांगितलं. दर वेळी एकानंच. मागितलेल्या खणाच्या पुढचा खण.

 तो म्हणाला, “दादा, लाभाची पट्टी हाय का जागेवर?”

किल्ल्यांच्या खिळ्यावरची पट्टी मला डोळ्यांसमोर दिसली. साहेबाच्या हिशेबानं लाभाच्या शेजारचा खण एक झाला होता. आमच्या लोकांच्या तोंडात तो दोन होता. वैशाखाच्या आधी भरलेला सगळा माल आमच्या बोलण्याप्रमाणं ठेवलेला, आणि मशीन साहेबाच्या बोलण्याप्रमाणं काढत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर मोजत होते. भावाला हे पुण्यात बसून कळलं, कारण त्याच्या तोंडातही पहिला आकडा लाभच होता.

“आन् आता तिथं थांबती का?” त्यानं विचारलं.

“न्हाई. तो बिघाड निघाला.”

“बिघाड नव्हता तो,” तो म्हणाला. “मीच घातलं होतं ते. आबा थांबायचे ना.”

 काचेबाहेर दुकानवाला माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाठ केली. आबा गेले तेव्हा तो सातवीत. मला वाटायचं, त्याला खळं आठवत असेल, आबांचं ते थांबणं आठवत नसणार. माझ्यासारखा तो खळ्यावर बसला नव्हता, कडेला खेळत असायचा. तिथून त्यानं नेमकं तेवढंच बघून ठेवलं होतं. आणि लोखंडाच्या पोटात घालून माझ्या शेजारी उभं केलं होतं, माझ्याशी एक शब्द न बोलता.

“येऊ का मी?” तो म्हणाला. “दोन दिवस सुटी काढतो.”

आता, हो म्हणायला काय लागत होतं, हे मला लोक आजही विचारतात. मुकादमानं तर कितीदा विचारलं. मी त्यांना सांगतो, त्यानं ‘येतो’ म्हणायला हवं होतं. ‘येऊ का’ हे पाहुण्याचं बोलणं. घरचा माणूस विचारत नाही. पण तेव्हा मी एवढंच म्हणालो:

“पट्टी लावायला इंजिनिअर लागत न्हाई.”

तो हसल्यासारखा झाला, की श्वास होता, तारेवरून कळलं नाही. मग म्हणाला, जुनं कार्ड फेकू नको, कुणाच्या हाती पाठव, मी नीट करून देतो. त्यात ते थांबणं अजून शाबूत असंल. मी म्हणालो, बघू. आणि फोन ठेवला.

परत येऊन मी स्वतः रुळाशी गुडघे टेकले आणि पट्टी बसवली. स्क्रूड्रायव्हर मुकादमानं दिला, काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. दोन दाबलं, दोनचा माल आला. सोनपेठचा टेम्पो त्याच दिवशी भरून गेला. ज्यानं मला चोर म्हटलं होतं त्या व्यापाऱ्याला मी सगळ्यांसमोर शब्द मागं घ्यायला लावला, आणि पुढच्या वर्षी त्याचा माल ठेवून घेतला नाही.

ज्वारीचं पोतं त्या वर्षी पोखर्णीला पोचायचं राहून गेलं होतं. कार्ड जळलं त्या गडबडीत जयंती निघून गेली. आषाढात मी ते एकटाच एस्टीनं घेऊन गेलो. देवळाच्या पायरीवर बसलो. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, संगं कोणी न्हाई का? मी म्हणालो, भाऊ पुण्याला असतो. चांगलं हाय म्हणाला.

मशीन आता बरोबर मोजते, पण लाभापाशी थांबत नाही. ते तिला येत नाही. ते जुन्या कार्डात आहे. म्हणून वीज आली की मी तिला हातानं चालवतो. बटन दाबून लाभाच्या खणासमोर आणतो आणि बोट काढतो. मोटर बंद होते, रिले गप्प होतात, आत ज्वारीचं पोतं असतं. आबा जितकं थांबायचे तितकं थांबतो, माझ्या अंदाजानं. मग तिला तिच्या मोजण्यावर सोडून देतो. हमालांना वाटतं, मला मशीनवर भरवसा नाही. वाटू दे.

जुनं कार्ड पेटीत आहे, कापडात गुंडाळलेलं. पुण्याला जाणारी माणसं पुष्कळ भेटतात, एखाद्याच्या हाती देता येईल. भावानं पत्रातून दोनदा विचारलं. मी पाठवलेलं नाही आणि पाठवणार नाही. ते नीट करायचं असेल तर त्यानं इथं यावं, या डब्यापुढं बसावं आणि इथं करावं. याच्यावर घासाघीस नाही.